करार मोडणारी माणसे

मराठीत बायबलच्या दोन भागांना जुना करार आणि नवा करार म्हणतात. ही नावे कानांवरून इतकी गेलेली आहेत, की त्यांतल्या ‘करार’ या शब्दापाशी सहसा कोणी थांबत नाही. आम्ही थांबलो. करार वाचणे, करार घडवून आणणे आणि मोडलेल्या करारांबद्दल भांडणे यांतच आमचे बरेचसे आयुष्य गेले आहे. तेव्हा हा शब्द दिसला की पाय आपोआप अडतो. मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’ असा आहे, आणि तो काही केवळ देवघरातला शब्द नव्हे. विहिरीच्या हक्कावरून अब्राहामाचे आणि अबीमलेख राजाचे भांडण मिटले तेव्हा त्यांनी केला तो बरीथ. याकोबाने आणि त्याच्या सासऱ्याने, एकमेकांवर चाल करून हद्द ओलांडायची नाही असे ठरवून दगडांची रास रचली, तोही बरीथच. म्हणजे व्यवहारातला, दोन्ही बाजूंना बांधणारा शब्द. देव आणि माणूस यांच्या नात्याला हाच शब्द लावण्याचे धाडस त्या लोकांनी केले. तेव्हा माणसाने आज्ञा मोडली की देव काय करतो, हा प्रश्न निदान बायबलपुरता तरी असा विचारला पाहिजे: करार मोडला गेल्यावर दुसरी बाजू काय करते?

आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नव्हे, आणि कोणत्या पंथाचे प्रचारकही नव्हे. ग्रंथ वाचावा, त्यात जे लिहिले आहे ते आधी नीट पाहावे, मग मत द्यावे, एवढीच आमची रीत. आणि तसे पाहू गेल्यास पहिली गोष्ट ही ध्यानात येते, की जुन्या करारातला देव रागीट आणि नव्या करारातला देव दयाळू, ही जी सोपी वाटणी आपण ऐकतो ती टिकत नाही. जुन्या करारात दया इतकी आहे की एक संदेष्टा तिच्यावर रुसून बसतो. आणि नव्या करारात, जमीन विकून आलेल्या पैशांतला काही भाग लपवून खोटे बोलल्याबद्दल हनन्या आणि सप्पीरा हे नवराबायको जागच्या जागी मरून पडतात. वाटणी इतकी सरळ नाही.

पहिले प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. एदेन बाग, एक झाड वगळून बाकी सर्व झाडांची मोकळीक, सापाचे बोलणे आणि खाल्लेले फळ. (ते सफरचंद होते असे मूळ ग्रंथात कोठेही नाही; ते मागाहून लोकांनी पिकवले.) फळ खाल्ल्यावर देव काय करतो? तो प्रथम प्रश्न विचारतो. आदामाला हाक मारून तो कोठे आहे असे विचारतो. उघडे असल्याचे तुला कोणी सांगितले, मना केलेल्या झाडाचे खाल्लेस काय, असे विचारतो. मग हव्वेला विचारतो. सर्व जाणणाऱ्याने प्रश्न का विचारावेत, यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. पण या प्रश्नांचा सर्वांत ठसठशीत अर्थ लावला तो एका इंग्रज न्यायाधीशाने, आणि तो आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांच्या रोजच्या उपयोगाचा आहे.

केंब्रिज विद्यापीठाने डॉक्टर रिचर्ड बेंटली नावाच्या एका मोठ्या विद्वानाच्या पदव्या, त्याचे म्हणणे ऐकून न घेताच काढून घेतल्या होत्या. हे गृहस्थ स्वभावाने भांडकुदळ होते, त्यांचा पक्ष घ्यावा असे फार कोणाला वाटत नसावे. प्रकरण राजाच्या न्यायालयात गेले. १७२३ साली निकाल झाला आणि पदव्या परत द्याव्या लागल्या. त्या वेळी न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी असे सांगितले, की खुद्द देवानेसुद्धा आदामाला बचावासाठी बोलावल्यावाचून शिक्षा सुनावली नाही, मग विद्यापीठाची काय कथा! ज्याला आपण नैसर्गिक न्याय म्हणतो, म्हणजे आरोपपत्र द्या, खुलासा मागवा, म्हणणे ऐका आणि मगच शिक्षा ठरवा, त्याच्या समर्थनार्थ कायद्याच्या पुस्तकांतून हा दाखला आजतागायत दिला जातो. आपल्या सर्वोच्च न्यायालयातही मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणूक-खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे तत्त्व थेट आदामाच्या आणि कौटिल्याच्या काळापर्यंत मागे नेले आहे. कारखान्यातल्या खात्यांतर्गत चौकशीत बसून ज्यांनी दुपारच्या दुपार घालवल्या आहेत, त्यांना एदेन बागेतली ती संध्याकाळ अगदीच परकी वाटायची नाही. आरोपी नंबर एक दोष बायकोवर ढकलतो, आणि ढकलता ढकलता ती बायको देवानेच दिली होती हेही सुनावतो. बायको सापावर ढकलते. सापाला मात्र कोणी काही विचारीत नाही. त्या चौकशीत ज्याचे म्हणणे ऐकले गेले नाही असा तो एकटाच आहे. हे फोर्टेस्क्यू साहेबांच्या ध्यानात कसे आले नाही कोण जाणे.

आता शिक्षा पाहा. ज्या दिवशी फळ खाल त्या दिवशी मराल, असा इशारा होता. प्रत्यक्षात त्या दिवशी कोणी मेले नाही. बाहेर काढले गेले हे खरे. प्रसूतीच्या वेदना, काटेकुसळे आणि घाम हेही वाट्याला आले. पण शाप हा शब्द लागतो तो सापाला आणि जमिनीला. माणसांना तो येथे लावलेला नाही. ‘पाप’ हा शब्दसुद्धा या गोष्टीत एकदाही येत नाही. तो प्रथम येतो पुढच्या, काईनाच्या गोष्टीत. आदामाचे पाप साऱ्या मानवजातीला जन्मतः चिकटते ही शिकवण पुढे, पौलाच्या पत्रांचा आधार घेऊन, संत ऑगस्टीनने पक्की केली, आणि ऑगस्टीन इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातला. ज्या यहुदी लोकांचा हा मूळ ग्रंथ, त्यांनी ती शिकवण मानलेली नाही. आणि बाहेर काढण्यापूर्वी देव त्या दोघांना कातड्याची वस्त्रे करून घालतो. घराबाहेर काढताना अंगावर कपडे चढवणारा हा मालक विचार करण्याजोगा आहे.

एक गोष्ट जाता जाता सांगून टाकतो. श्रम म्हणजे देवाने दिलेली शिक्षा, असे या गोष्टीवरून पुष्कळ लोक सांगतात. ते चूक आहे. फळ खाण्याच्या आधीच माणसाला बागेची मशागत आणि राखण करण्याचे काम दिलेले होते. शिक्षा कामाची नाही. काम करूनही काटे उगवतात, याची आहे.

काईनाने भावाला ठार केले. तेथेही आधी प्रश्न, मग शाप, आणि मग खुनी माणसाला कोणी मारू नये म्हणून त्याच्या अंगावर खूण. त्या खुणेला लोक कलंक समजतात. ग्रंथात ती संरक्षणाची खूण आहे.

जलप्रलयाची गोष्ट मात्र सावकाश वाचावी अशी आहे. माणसाच्या मनातले विचार नेहमी वाईटच असतात असे पाहून देवाला माणूस घडवल्याचा खेद होतो आणि तो पृथ्वी पाण्याखाली घालतो. नोहाचे कुटुंब आणि तारवातले प्राणी वाचतात. पाणी ओसरते, नोहा होम करतो, आणि तेव्हा देव मनाशी ठरवतो की असे पुन्हा करणार नाही. का नाही? कारण माणसाच्या मनातले विचार बाळपणापासून वाईटच असतात! जे कारण बुडवण्याचे, तेच कारण पुन्हा न बुडवण्याचे. ही लेखकाची नजरचूक असेल असे आम्हांला वाटत नाही. प्रलयाने माणूस सुधारला नाही, असे त्या लेखकाला सांगायचे आहे. बदलले ते देवाचे धोरण. आणि मग करार होतो. बायबलमध्ये बरीथ या शब्दाने ठरलेला हा पहिला मोठा करार, आणि त्यात बांधून घेतो तो देव स्वतःला. दुसऱ्या बाजूने सही करण्याची अटच नाही. पशुपक्षीसुद्धा त्या करारात लाभार्थी आहेत. खूण म्हणून तो ढगांत धनुष्य ठेवतो. हिब्रूत इंद्रधनुष्याला आणि लढाईच्या धनुष्याला एकच शब्द आहे. तेव्हा शस्त्र खाली ठेवल्याची ती खूण, असा अर्थ काही अभ्यासक करतात. आम्हांला तो पटतो.

सदोम शहराच्या वेळी अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. शहरात पन्नास भली माणसे असतील तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा? प्रत्येक आकड्याला देव कबूल होतो. दहावर बोलणे थांबते, आणि तितकी माणसे निघत नाहीत. मागण्यांच्या वाटाघाटीत आकडा वर न्यायची सवय असलेल्यांनी हे खाली उतरणारे बोलणे एकदा वाचावे. या सदोमाचा गुन्हा कोणता याबद्दल लोकांची एक ठाम कल्पना असते. पण यहेज्केल संदेष्ट्याने तो वेगळाच सांगितला आहे: पोटभर अन्न आणि स्वस्थता असून त्या नगरीने गोरगरिबांना हात दिला नाही.

आता मुख्य कराराकडे येऊ. मिसर देशात विटा पाडणारे इस्राएल लोक मोशेच्या मागून बाहेर पडले, आणि सीनाय डोंगरापाशी त्यांच्याशी करार झाला. या कराराच्या आधीची आणि नंतरची प्रकरणे समोरासमोर ठेवून वाचली, तर एक विलक्षण गोष्ट दिसते. सीनायपूर्वी हे लोक सतत कुरकुरतात. पाणी कडू आहे म्हणून कुरकुरतात. अन्न नाही, यापेक्षा मिसरात मांसाच्या हंड्यांजवळ मेलो असतो तर बरे, असे म्हणतात. पुन्हा पाण्यासाठी भांडतात. या तिन्ही वेळी देव शिक्षा करीत नाही. पाणी गोड होते, आकाशातून मान्ना पडतो, खडकातून पाणी निघते. उपाशी माणसाची तक्रार म्हणजे बंड नव्हे, एवढे त्या देवाला कळते. सर्व मालकांना ते कळत असते तर आमच्यासारख्यांना काम उरले नसते.

मान्नाचे नियमही पाहण्यासारखे आहेत. माणशी एक माप. ज्याने जास्त गोळा केले त्याचे उरले नाही, ज्याने कमी गोळा केले त्याला कमी पडले नाही. दुसऱ्या दिवसासाठी साठवायचे नाही. काहींनी साठवलेच, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. सातव्या दिवशी विसावा, त्या दिवशी गोळा करायला जायचे नाही; तरी काही गेलेच, आणि त्यांना काही सापडले नाही. मोशे रागावला, देवानेही बोल लावला. पण शिक्षा म्हणावी तर एवढीच, की साठवलेले नासले आणि गेलेले हात हलवीत परत आले.

करारानंतर चित्र पालटते. त्याच विसाव्याच्या दिवशी रानात काटक्या गोळा करताना एक माणूस सापडतो, आणि त्याला दगडमार करून ठार केले जाते. मान्नाचा कंटाळा येऊन लोक मिसरातली मासळी, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडतात, तेव्हा लावे पक्ष्यांचे मांस मिळते खरे, पण त्याबरोबर मरीही येते. वचन दिलेल्या देशात शिरायला घाबरलेल्या पिढीला चाळीस वर्षे रानात काढावी लागतात. कारण उघड आहे: सीनायपूर्वी कुरकुर होती, सीनायनंतर तो करारभंग झाला. हे तर्काला धरून आहे. तथापि काटक्यांच्या माणसाबद्दल आमचे मन तर्काने भरत नाही. विसाव्याच्या दिवसाचा कायदा ही जगातली एक थोर गोष्ट आहे. त्यात गुलामाला, परक्याला, बैलाला आणि गाढवालाही सुटी सांगितलेली आहे, आणि तुम्हीही मिसरात गुलाम होता हे त्याचे कारण दिलेले आहे. आठवड्याच्या सुटीचे मोल आम्हांला कोणी सांगायला नको. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळायला १८९० साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंड्यांना वर्षानुवर्षे झिजावे लागले. पण गरिबाच्या विसाव्यासाठी केलेल्या कायद्याखाली पहिला बळी काटक्या वेचणाऱ्याचा जावा, हे वाचताना पान उलटत नाही. तो काटक्या का वेचत होता, हे ग्रंथ सांगत नाही. आणि देवाने त्याला, आदामाला विचारले तसे, काही विचारल्याचेही लिहिलेले नाही.

सर्वांत मोठा करारभंग झाला तो शाई वाळण्याच्या आधीच. मोशे डोंगरावर आज्ञांच्या पाट्या घेत होता आणि खाली लोकांनी सोन्याचे वासरू केले. कोणी केले? मोशेचा सख्खा भाऊ अहरोन याने. पुढे जाब विचारला तेव्हा त्याने दिलेले उत्तर चौकशीच्या वाङ्मयात अमर व्हावे असे आहे: लोकांनी सोने दिले, ते मी आगीत टाकले, आणि त्यातून हे वासरू बाहेर आले! डोंगरावर देव संतापतो आणि मोशेला सांगतो की तुझे लोक बिघडले आहेत, तूच त्यांना मिसरातून आणलेस. आता मला अडवू नकोस, मी यांचा नाश करतो आणि तुझ्यापासूनच नवे राष्ट्र करतो. मोशे उलट म्हणतो की ते तुझे लोक आहेत आणि तूच त्यांना आणलेस. मुलगा नापास झाला की घरोघर आईबापांत ‘तुझा मुलगा, तुझा मुलगा’ चालते, त्याच्या जवळपासचा हा संवाद आहे.

यहुदी आचार्यांनी तालमूदमध्ये येथे मार्मिक प्रश्न केला आहे. ‘मला अडवू नकोस’ असे देव का म्हणतो? मोशेने त्याला धरले होते काय? त्यांचे उत्तर असे, की मोशेने मित्राच्या अंगरख्याला धरावे तसे देवाला धरून ठेवले, आणि क्षमा झाल्याखेरीज सोडणार नाही म्हणाला. मोशेचे मुद्दे कसलेल्या प्रतिनिधीचे आहेत. मिसरी लोक काय म्हणतील? तुझ्या पूर्वीच्या वचनाचे काय? स्वतःपुरता देऊ केलेला फायदा तो नाकारतो. इतकेच नव्हे, यांना क्षमा नसेल तर माझेही नाव तुझ्या पुस्तकातून पूस, असे बजावतो. ज्याला संघटनेच्या कामात एकट्याला बढती देऊ केली गेली आहे, त्यालाच या जागेचे वजन कळेल. आणि देव आपला बेत मागे घेतो.

गोष्ट येथे संपली असती तर आम्ही निश्चिंत झालो असतो. पण त्याच अध्यायात पुढे मोशे लेवी लोकांच्या हाती तलवारी देतो, आणि त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसे कापली जातात. अहरोनाला मात्र काही होत नाही. पुढे तोच मुख्य याजक होतो. हा भाग प्रवचनांतून सहसा गाळतात. आम्ही गाळीत नाही. तसेच शौल राजाचे. अमालेकी लोकांना तान्ह्या मुलांसकट मारून टाकण्याचा हुकूम त्याने पुरता पाळला नाही, म्हणून त्याचे राज्य गेले. त्यानेही ते दयेपोटी केले नाही, राजाला आणि चांगली चांगली गुरे तेवढी राखली. परंतु तो हुकूमच असा आहे की तो मोडणाऱ्याला आम्ही दोष देऊ शकत नाही. त्या काळच्या युद्धांची रीत तशी होती असे समर्थन करतात. रीत होती हे मान्य. ती देवाच्या तोंडी घातलेली आम्हांला मान्य नाही.

येथे कोणी म्हणेल, मग तुमच्या मते बायबल म्हणजे मुकाट्याने हुकूम पाळण्याचा ग्रंथ झाला. तसे मुळीच नाही. मोशेची सारी कथाच एका आज्ञाभंगाने सुरू होते. इब्री बायकांचे मुलगे जन्मतःच मारावेत असा फारो राजाचा हुकूम शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणींनी मोडला, वर राजाला थापही मारली, आणि देवाने त्यांचे कल्याण केले असे स्पष्ट लिहिले आहे. फारोचे नाव ग्रंथाने दिलेले नाही. सुइणींची नावे दिली आहेत. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखाली जे नमुन्याचे आदेश होते, त्यांत गैरवर्तनाच्या यादीत पहिले कलम वरिष्ठांचा हुकूम जाणूनबुजून मोडण्याचे होते. पण हुकूम कायदेशीर आणि वाजवी असला पाहिजे, ही अट त्याच वाक्यात होती. ती अट या दोन सुइणींना ठाऊक होती. आणि खुद्द देवाच्या कायद्याबद्दल तक्रार केली तर? सलाफहाद नावाच्या माणसाला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. वारसा मुलांनाच, या नियमामुळे बापाचे नाव जमिनीवरून जाणार होते. त्या पाचजणी मोशेसमोर, याजकांसमोर आणि साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हिस्सा मागितला. मोशेने तो प्रश्न देवापुढे नेला. मुली म्हणतात ते रास्त आहे असे उत्तर आले, आणि कायदा बदलला. उभे राहून हक्क मागणे म्हणजे आज्ञाभंग नव्हे, याला यापेक्षा स्वच्छ पुरावा आम्हांला नको.

करारभंगाच्या शिक्षांची सर्वांत भयंकर यादी अनुवाद या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. आज्ञा पाळल्यास मिळणारे आशीर्वाद चौदा ओव्यांत आटोपतात. मोडल्यास येणारे शाप पुढे चौपन्न ओव्या चालतात. रोगराई, दुष्काळ, वेढा, परदेशी हद्दपारी. ही यादी वाचून देवाच्या क्रूरपणाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. पण गेल्या शतकात मातीखालून काही कागद, म्हणजे भाजलेल्या विटा, बाहेर आल्या, आणि या यादीकडे पाहण्याची नजर बदलली. जुन्या हित्ती राजांनी मांडलिकांशी केलेल्या तहांचा घाट असा असे: प्रथम सम्राटाचे नाव, मग त्याने पूर्वी केलेले उपकार, मग अटी, साक्षीदार, आणि शेवटी आशीर्वाद व शाप. सीनायच्या कराराचा घाट याच्याशी जुळतो हे जॉर्ज मेंडेनहॉल या अमेरिकन अभ्यासकाने १९५४ साली दाखवले. लगेच १९५५ साली इराकमध्ये निमरूद येथे अश्शूरी सम्राट एसरहद्दोन याचे तह सापडले; ते इसवी सनापूर्वी ६७२ सालचे. त्यांतले काही शाप अनुवादातल्या शापांशी इतके जुळतात, की उगम एकाच घराण्याचा असावा. म्हणजे ही भाषा त्या काळच्या तहनाम्याची ठराविक भाषा आहे. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की त्या छोट्या राष्ट्राने सम्राटाच्या जागी देवाला बसवले. तुमच्या सम्राटाशी आमचा करार नाही, आमचा करार वेगळ्या ठिकाणी झालेला आहे, असे त्यात गर्भित आहे.

पुढे ते शाप खरे झाल्यासारखे दिसले. इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेचे राज्य बुडवले. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले आणि लोकांना धरून नेले. त्या काळी एखादे राष्ट्र हरले की त्याचा देव हरला असे समजत, आणि लोक जिंकणाऱ्याच्या देवाकडे वळत. या लोकांनी दुसरे उत्तर काढले: देव हरला नाही, आम्ही करार मोडला. या उत्तरामुळे ते राष्ट्र टिकले असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. आपलाच दोष धर्मग्रंथात लिहून ठेवणारे लोक इतिहासात फार नाहीत. पण या उत्तराची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जो चिरडला गेला त्यालाच, तुझेच काही चुकले असेल, असे सांगायला ते फार सोयीचे आहे.

हे त्या लोकांच्याही ध्यानात आले होते, आणि येथे आम्ही त्यांना मानतो. आईबापांनी आंबट द्राक्षे खावीत आणि मुलांचे दात आंबावेत, अशा अर्थाची एक म्हण हद्दपारीत त्यांच्यात पसरली होती. बापाच्या अपराधाचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीलाही मिळते असे खुद्द दहा आज्ञांत आहे. यहेज्केल संदेष्ट्याने तीच म्हण धरून देवाच्या नावाने सांगितले की यापुढे ती चालायची नाही. ज्याचा अपराध त्याची शिक्षा, मुलाने बापाचा भार वाहू नये, आणि दुष्टही वळला तर जगेल. एका धर्मग्रंथात आज्ञेचा एक अर्थ आणि त्याच ग्रंथात पुढे त्या अर्थाची दुरुस्ती, दोन्ही छापलेले राहिले. यिर्मयाने याच सुमारास नव्या कराराची गोष्ट काढली, जो दगडावर नसून माणसांच्या हृदयावर लिहिलेला असेल. बायबलच्या दुसऱ्या भागाचे नाव तेथून आलेले आहे. आणि ईयोबाचे पुस्तक तर याच प्रश्नावर उभे आहे. काही चुकलेले नसताना त्याची मुले, गुरे आणि प्रकृती गेली. मित्र आले आणि अध्यायामागून अध्याय, तू पाप केले असशील, असे सांगत राहिले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगारांच्या घरी असे सांत्वन करणारे पुष्कळ येऊन गेले. पुस्तकाच्या अखेरीस देव त्या मित्रांवर रागावतो. ते माझ्याविषयी बरोबर बोलले नाहीत, भांडणारा ईयोबच बरोबर बोलला, असा निवाडा देतो.

दयेवर रुसलेला जो संदेष्टा वर सांगितला, तो योना. त्याला निनवेस, म्हणजे त्याच अश्शूरांच्या शहरी, जाऊन नाशाचा इशारा देण्याची आज्ञा झाली. तो उलट दिशेच्या जहाजात बसला. वादळ, मासा, आणि मग मुकाट्याने निनवे. इशारा ऐकून ते शहर राजापासून गुरांपर्यंत उपवासाला बसले, आणि देवाने नाश रद्द केला. योनाला हे सहन होत नाही. तू असा दयाळू आहेस हे ठाऊक होते म्हणूनच मी पळालो, असे तो देवाला तोंडावर सांगतो. देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक वेल उगवतो, दुसऱ्या दिवशी किडा लावून वाळवतो, आणि वेलासाठी हळहळणाऱ्या योनाला विचारतो की उजवेडावे न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसे आणि शिवाय पुष्कळ गुरे जेथे आहेत, त्या शहराची मला कीव येऊ नये काय? पुस्तक या प्रश्नावर संपते. यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपवासाच्या दिवशी दुपारी सभास्थानात हे पुस्तक वाचतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणत, तेही हा दिवस पाळतात. जुन्या काळी घराची दारे लावून पाळीत. त्यांनी पुढे बायबलच्या कथांवर मराठीतून कीर्तनेही केली.

नव्या करारातली दोन मुलग्यांची गोष्ट येशूने सांगितली ती याच ओळीतली आहे. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना वाचता यावे म्हणून मूळ भाषांवरून जे मराठी बायबल केले आणि जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली छापून झाले, त्यासारख्या सरळ मराठीतच ही गोष्ट वाचावी. धाकटा आपला वाटा घेऊन जातो, उधळतो, डुकरे राखायची पाळी येते, आणि मजूर म्हणून तरी ठेवा असे म्हणण्याचे ठरवून परत येतो. बाप दुरून पाहतो, धावतो, मिठी मारतो. पोराचे पाठ केलेले बोलणे तो पुरते होऊच देत नाही. येथे पहिल्या बागेतल्यासारखे प्रश्न नाहीत, चौकशी नाही. अंगावर चांगला झगा मात्र पुन्हा चढतो.

लोक गोष्ट येथे थांबवतात. आमचे लक्ष थोरल्याकडे जाते. तो शेतावरून दमून येतो, घरात गाणेबजावणे ऐकतो, काय चालले आहे ते चाकराला विचारतो आणि दाराबाहेरच उभा राहतो. इतकी वर्षे राबलो, एक आज्ञा मोडली नाही, आणि मित्रांबरोबर खायला कधी एक करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार आहे. आणि खोटी नाही. इमानाने पाळी भरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडी ती शोभेल. बाप त्याला आज्ञाधारकपणाचा उपदेश करीत नाही, आत यायचा हुकूमही सोडत नाही. मेजवानी टाकून तो स्वतः बाहेर येतो, जे माझे ते सर्व तुझेच आहे असे म्हणतो, आणि त्याची समजूत घालीत उभा राहतो. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितले नाही.